४२ किलोच्या आजी आणि हात बधिर करायचं १०-१० मिलीचं मिश्रण, डोस जास्त होतोय का?

भूलवाला_तालुका:
उद्या सकाळी केस आहे. ७० च्या आजी, मनगटाजवळ रेडियस (हाताचं हाड) मोडलंय, प्लेटिंग. वजन ४२ किलो, क्रिएटिनिन नॉर्मल, छाती ठीक. सोनोग्राफी मशीन आता ओटीत आहे म्हणून सुप्राक्लॅव्हिक्युलर ब्लॉक (गळपट्टीच्या हाडावर टोचून नसा म्हणजे अख्खा हात बधिर करणं) करणार. आमच्याकडे सरसकट सगळ्यांना बधिर करायची दोन औषधं मिसळून, ०.५ टक्के बुपिव्हॅकेन १० मिली आणि २ टक्के लिग्नोकेन-अ‍ॅड्रेनलिन १० मिली देतात, सीनियर म्हणतात याहून कमी केलं तर करंगळीची बाजू बधिर व्हायची राहते. दोन्ही औषधं आपापल्या लिमिटच्या आतच आहेत, मग हरकत नाही ना?

ओटी_नंबर_दोन:
हरकत आहे डॉक्टर. दोन्हीच्या विषारीपणाची बेरीज करायची असते, वेगवेगळं मोजून चालत नाही. बुपि २ मिग्रॅ/किलो म्हणजे ८४ मिग्रॅ, तुम्ही देताय ५०, झाले ६० टक्के. लिग्नो-अ‍ॅड्रे ७ मिग्रॅ/किलो म्हणजे २९४, देताय २००, ते ६८ टक्के. बेरीज १२८! ७० किलोच्या गड्याला हेच मिश्रण आरामात बसतं म्हणून सवय लागलीय सगळ्यांना. द्यायचंच असेल तर बुपि ८ आणि लिग्नो ६, नव्वदच्या आत राहाल. आणि टुर्निके (रक्त थांबवायला दंडाला बांधायचा पट्टा) दुखू नये म्हणून काखेजवळ जे बधिर करायचं औषध टोचाल, किंवा सर्जन स्वतः टोचतील, तेही याच हिशोबात धरा, ते कोणी धरतच नाही.

प्रोब_आणि_सुई:
मुळात मिसळताच कशाला? सुरू व्हायला थोडं लवकर होतं पण टिकतं कमी, आणि नुसत्या बुपिपेक्षा हिशोबाची कटकट वाढते ती वेगळीच. त्याऐवजी रोपिव्हॅकेन (तशाच कामाचं एकच औषध) ०.५ टक्के २० मिली घ्या, १०० मिग्रॅ होतं, ३ मिग्रॅ/किलोने लिमिट १२६. करंगळी सुटते ती व्हॉल्यूममुळे नाही हो, औषध चुकीच्या जागी पडल्यामुळे. पहिली बरगडी आणि सबक्लेव्हियन आर्टरी यांच्या कोपऱ्यात आधी ५-७ मिली टाका, मग वरच्या नसांच्या गुच्छात. सुईचं टोक दिसत नसेल तर पुढे ढकलू नका, खाली प्लुरा (फुफ्फुसाचं आवरण) आहे. दर ३-५ मिलीला मागे ओढून बघा. स्क्रीनवर औषध पसरताना दिसलं नाही तर ते रक्तात जातंय असं धरून लगेच थांबा.

भूलवाला_तालुका:
बेरीज करून बघितली, बरोबर आहे. सीनियरना हेच आकडे दाखवतो. मिडाझोलाम (गुंगीचं औषध) देऊन झोपवू का आधी?

ओटी_नंबर_दोन:
थोडंसंच. आजी बोलत राहिल्या तर औषध रक्तात चढल्याच्या खुणा, म्हणजे जीभ बधिर होतेय, कानात घुमतंय हे त्याच सांगतील, गाढ झोपवलं तर डायरेक्ट झटकेच दिसतील. विष चढलंच तर उतारा म्हणून २० टक्के लिपिड (शिरेतून द्यायचं तेलकट औषध) ओटीतच ठेवा, ४२ किलोला दीड मिली/किलोने ६३ मिली बोलस (एकरकमी डोस), मग मिनिटाला साधारण १० मिली. हृदय थांबून अ‍ॅड्रेनलिन लागलीच तर एका वेळी ४० मायक्रोग्रॅमच्या वर नको, नेहमीचा १ मिग्रॅ विसरा. आणि लिपिडच्या जागी प्रोपोफॉल चालत नाही, दोन्ही पांढरं दिसतं म्हणून काहीजण तसं समजतात.

भूलवाला_तालुका:
रोपिव्हॅकेन मेडिकलवाल्याला आत्ताच सांगितलं, नाही आलं तर ८-६. लिपिडची बाटली आयसीयूच्या कपाटात आहे, सिस्टरना एक्स्पायरी बघायला लावतो.