मदत हवी आहे: लग्नाच्या धंद्यात ओळखी वाढवायच्या कशा?

नमस्कार मंडळी. लग्नाचे फोटो काढायला लागून तीन वर्षं झाली. काम बरं चाललंय, पण स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की माझी दातखीळ बसते.

मागच्या महिन्यात एका सजावटवाल्या ताईंची फुलांची कमान पाहुणे यायच्या आधी, रिकाम्या हॉलमध्ये निवांत टिपली. दुसऱ्या दिवशी आठ फोटो त्यांना पाठवले. त्यांनी ते लगेच इन्स्टाग्रामवर टाकले, माझं नाव कुठेच नाही! विचारायचा धीर झाला नाही. पाठवतानाच 'टॅग करा' असं लिहायला हवं होतं का? की कोलॅब पोस्टचं आमंत्रण मीच पाठवावं? म्हणजे एकच पोस्ट दोघांच्याही प्रोफाइलवर दिसते. आणि जोडप्याचे चेहरे असतील तर परवानगी करारातच घेता की नंतर?

हॉलच्या मॅनेजरकडे फोटोग्राफरांची यादी असते, तिच्यात शिरायचं कसं हे तर कोडंच. नुसतं कार्ड दिलं की ते ड्रॉवरमध्ये जातं, डोळ्यांनी पाहिलंय. कमिशन देऊन नाव लावायचं नाही, एवढं नक्की.

मेकअपवाले, सजावटवाले, कुणीही सांगा: दुसऱ्या व्यावसायिकाकडून तुम्हाला पहिलं काम नेमकं कसं मिळालं?