डेल्फ्टला शिकायला चालले, अभ्यास सांभाळून काही बघणं होतं का?

औशाची_लेक
नमस्कार. मी औशाची, जि. लातूर. सिव्हिल झालंय. ऑगस्टअखेर नेदरलँड्सला, डेल्फ्टला पाण्याच्याच विषयात मास्टर्सला चालले. आमच्या घरातून परदेशी जाणारी पहिलीच. पप्पांनी वावर तारण ठेवून कर्ज काढलंय, त्यामुळं फिरायचं नुसतं मनात आलं तरी चुकल्यासारखं वाटतं. आज्जी मात्र म्हणते, "येवढं लांब चाललीस, तर डोळे भरून बघून ये." तिथं कुणी असेल तर आपला एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत सांगाल का? तास किती, अभ्यास किती, आणि बघायला वेळ कधी काढता?

मांजराकाठ
ताई, आधी अभिनंदन. मी लातूरचाच, गेल्या सप्टेंबरपासून इथं आहे. मागचा शुक्रवार सांगतो.

पावणेनऊला पहिला तास. ४५ मिनिटं शिकवतात, मग १५ मिनिटं सुट्टी. साडेबारापर्यंत वर्ग. नंतर ग्रंथालय. त्याच्या उतरत्या छतावर गवत लावलंय, ऊन असलं की पोरं तिथंच पडून वाचतात. क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं माप. एका क्रेडिटला २८ तास धरतात आणि वर्षाला ६० क्रेडिट, त्यामुळं आठवड्याचे चाळीस तास तरी अभ्यासाचेच समज. वर्गात बसायचं कमी, स्वतः करायचं जास्त. पहिले दोन महिने मी कुठंही गेलो नाही, आणि ती माझी चूक झाली.

त्या दिवशी सकाळी पोल्डरची पाणीपातळी शिकवली होती. पोल्डर म्हणजे भोवती बांध घालून, आतलं पाणी उपसून कोरडी ठेवलेली जमीन. या देशाचा साधारण चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. वहीत आकडे उतरवले, पण डोक्यात शिरलं नाही. दुपारी दोनला रेल्वेनं पंधरा मिनिटांत रॉटरडॅम, तिथून बोटीनं किंडरडाइक. तिथं १९ पवनचक्क्या आहेत, बहुतेक १७३८ ते १७४० च्या दरम्यान बांधलेल्या. दळायला नाहीत बरं का, पाणी उचलायला. १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

एका चक्कीत आत जाता येतं. जिना शिडीसारखा उभा. वर लाकडी दात्यांची मोठी चाकं, दात्यांना मेण चोळलेलं. हात लावला तर बोटं चिकट झाली. वारा आला की सगळं घर हलल्यासारखं होतं आणि खाली चाकाची पाती खालच्या कालव्यातलं पाणी वरच्या कालव्यात लोटतात. बांधावर उभं राहिलं की दोन्ही पातळ्या एकदम दिसतात. सकाळचे आकडे मला तिथं कळले. आता मुख्य काम शेजारच्या पंपिंग स्टेशनचे, फिरत फिरत पाणी वर चढवणारे मोठाले स्क्रू करतात, तेही बघ.

मी बराच वेळ तिथंच बसलो. एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा मी सायकलवर बघायला गेलो होतो. १० वाघिणी, ५ लाख लिटर. टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. आई घागर धरायची, मी कॅन. आणि इथली माणसं शेकडो वर्षं पाणी बाहेर काढण्यासाठी झटताहेत. मला रडू आलं, खरं सांगतो. पण त्यातूनच माझ्या प्रबंधाचा विषय निघाला: पाण्याचा कारभार लोकांच्या हातात कसा राहतो. इथं पाण्याच्या मंडळाची निवडणूक वेगळी होते. डेल्फ्टच्या भागाचं मंडळ १२८९ पासूनचं आहे.

साडेसातला खोलीवर. जूनमध्ये सूर्य दहाला मावळतो, उजेडात अडीच तास बसून असाइनमेंट संपवली. बांधाचा छेद न बघता काढता आला.

तर वर्गात जे शिकवतील ते त्याच आठवड्यात जाऊन बघ. पप्पांना सांग, तोही अभ्यासच आहे. डेल्फ्टच्या कालव्यांकडेला मोजपट्ट्या लावलेल्या असतात, पाणी समुद्रसपाटीच्या साधारण ०.४३ मीटर खाली राखतात. वर्गाला जाताना रोज वाचत जा.

पाटबंधारे_निवृत्त
पोरी, जायच्या आधी आपली पाणचक्की बघून जा. संभाजीनगरला बाबा शाह मुसाफिर दर्ग्यापाशी. लांबून जमिनीखालच्या नळांतून आणलेलं पाणी उंचावरून सोडलंय, त्यावर जातं फिरायचं आणि दर्ग्यावर येणाऱ्यांसाठी पीठ निघायचं. तिकडं वाऱ्यानं पाणी उचललं, इकडं पाण्यानं दगड फिरवला. तुझे मास्तर विचारतील, तुमच्याकडं काय आहे? तेव्हा सांगता आलं पाहिजे. ३१ वर्षं खात्यात काढली, आमच्या नव्या अभियंत्यांना मी आधी तिथंच न्यायचो.

सायकलवाली
जुनी सायकल घे, कुलपं दोन घे, दिवे लाव. रात्री दिव्याशिवाय चालवलीस तर दंड बसतो. एखाद्या रविवारी १ नंबरच्या ट्रामनं द हेगला जा. मॉरिट्सहाउस संग्रहालयात व्हर्मीरनं काढलेलं डेल्फ्टचं चित्र आहे. तो डेल्फ्टचाच, १६३२ चा जन्म. चित्रातल्या पाण्याकडं नीट बघ, मग परत येऊन त्याच काठावर उभी राहा. ज्वारीचं पीठही द हेगलाच मिळेल, सुरिनामहून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची तिथं मोठी वस्ती आहे. वजन पिठात घालवू नकोस.

औशाची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. मांजराकाठ दादा, तुमचं पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. घागरीपाशी आले आणि पुढं वाचता येईना, मग त्यांनीच मोबाईल घेऊन वाचलं. काका, या रविवारी आम्ही दोघं पाणचक्कीला जातोय, पप्पाच म्हणाले.

पीठ नेत नाही मग. येसर मसाला आणू का?

मांजराकाठ
आण. दोन डबे आण.