मदत हवी आहे: वेबव्ह्यूमध्ये एडिटर दाखवतोय, कर्सर भलतीकडेच जातो

तळटीप: तीन रात्री यात गेल्या. स्वतःचा टेक्स्ट एडिटर लिहितोय. गाभा रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे, तो झकास चालतो. दाखवायला वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आत बसणारं ब्राउझरचं इंजिन, घेतलंय: मजकूर एचटीएमएल करून पाठवायचा, रंगवायचं काम ब्राउझरच्या इंजिनाचं. कर्सर म्हणजे २ पिक्सेलचा उभा डिव्ह (एचटीएमएलची चौकट), तो मीच हलवतो. ओळीच्या सुरुवातीला बरोबर असतो, मग पुढे पुढे पळत जातो आणि ओळ संपेपर्यंत पार हवेत उभा. फाँट मोनोस्पेस (सगळी अक्षरं सारख्या रुंदीची) आहे हे आधीच सांगतो, तो सल्ला नको. कोणी केलंय का हे? जरा लवकर सांगा.

जुनाटपेटी: चार ओळी टाइप करायला अख्खं ब्राउझर कशाला पोसताय? असाच ब्राउझरवर बांधलेल्या ॲटम एडिटरचं काय झालं पाहिलंत ना? २०१४ मध्ये गाजावाजा करत आला, डिसेंबर २०२२ मध्ये गिटहबने कुलूप लावलं. टर्मिनल उघडा, विम एडिटर चालू करा, विषय संपला.

तळटीप: विम येतो मला. कर्सरचं सांगा.

निळी_शाई: ॲटम गेला, पण ज्या इलेक्ट्रॉनवर (ब्राउझरच्या इंजिनावर ॲप बांधायची चौकट) तो उभा होता त्याच्यावरच व्हीएस कोड एडिटर आज चालतोय. त्यामुळे इंजिनाच्या नावाने बोटं मोडू नका. तळटीप, थोडी माहिती द्या. लिनक्स, मॅक की विंडोज? विंडोजवर सहसा क्रोमियम मिळतं, मॅकवर वेबकिट, लिनक्सवर वेबकिटजीटीके. वागणूक सारखी नसते. कर्सरची जागा कशी काढता? आणि भाषा कोणती?

रिकामाटेकडा: अक्षरं बारीक असली की क्लिक चुकतं. फाँट मोठा करून बघा.

तळटीप: लिनक्स. भाषा रस्ट, वर लिहिलंय की. जागा = ओळीतला अक्षर क्रमांक × एका अक्षराची रुंदी. रुंदी 'म' वरून सुरुवातीला एकदाच मोजतो. यात चुकण्यासारखं काही नाही.

निळी_शाई: अहो, भाषा म्हणजे फाईलमधल्या मजकुराची.

तळटीप: मराठी. दुसरी कुठली असणार?

निळी_शाई: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! 'स्त्री' घ्या. डोळ्यांना एक अक्षर, युनिकोडमध्ये सहा चिन्हं: स, हलंत, त, हलंत, र, दीर्घ वेलांटी. रस्टच्या चार्सने (चिन्हं मोजणारं) मोजलंत तर ६, लेन (बाईट मोजणारं) मागितलंत तर १८ बाईट. तुम्ही सहा 'म' एवढं सरकता, पडद्यावर जेमतेम एका-दीड अक्षराची जागा गेलेली असते. म्हणून प्रत्येक जोडाक्षराला, प्रत्येक मात्रेला कर्सर पुढे पळतो. मोनोस्पेसचं म्हणाल, तर कोडिंगच्या बऱ्याच फाँटांत देवनागरी नसतेच. इंजिन गुपचूप दुसऱ्या फाँटातून अक्षरं उचलतं आणि त्यांची रुंदी सारखी नसते.

अक्षरं जुळवून बसवायचं काम इंजिनाने आधीच केलंय, मग जागाही त्यालाच विचारा. त्या ठिकाणी रेंज (मजकुराचा तुकडा दाखवणारी ब्राउझरची खूण) बनवा आणि गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट मागा, म्हणजे पडद्यावरची जागा मिळते. क्लिकसाठी उलटा रस्ता, पडद्यावरच्या जागेवरून मजकुरातली जागा: कॅरेटरेंजफ्रॉमपॉइंट. फक्त तिथून येणारा आकडा यूटीएफ-१६ (ब्राउझरची मजकूर मोजायची पद्धत) चा असतो. देवनागरीचं एक चिन्ह तिथे १, रस्टच्या स्ट्रिंगमध्ये ३ बाईट. हे रूपांतर विसरलात तर चौथी रात्रही जाईल.

बायनरीबुवा: डॉमच्या (ब्राउझरमधली एचटीएमएलची रचना) नादी लागूच नका. कॅनव्हास, म्हणजे चित्र काढायचा कोरा फलक, घ्या, स्वतः रंगवा. गूगल डॉक्सनेही २०२१ मध्ये कॅनव्हासकडे जायचं जाहीर केलं, ते काय वेडे आहेत?

निळी_शाई: त्यांच्याकडे माणसं आहेत, यांच्याकडे रात्री आहेत. कॅनव्हासवर मजकूर निवडणं, स्क्रीनरीडर, इनपुट मेथड, सगळं हाताने बांधावं लागतं. मोझिलाचा बेस्पिन एडिटर २००९ मध्ये कॅनव्हासवरच होता. पुढे तो ज्या एस (Ace) एडिटरमध्ये मिसळला तो मजकूर डॉममध्येच मांडतो.

बायनरीबुवा: कॅनव्हासचं मेझरटेक्स्ट मजकुराची रुंदी देतं. बास झालं.

निळी_शाई: 'स्त्री' मधल्या दुसऱ्या हलंतापर्यंतचा तुकडा मोजून बघा. शेवटी हलंत उघडा पडतो, आकार वेगळा, रुंदीही वेगळी. इंग्रजीत खपतं, इथे नाही.

तळटीप: रेंजने केलं. साध्या ओळीत कर्सर चपखल! पण शोधलेला शब्द पिवळा केला की वेलांट्या सुट्या पडतात आणि ठिपक्यांचं वर्तुळ येतं. टायपिंगही जड झालंय.

निळी_शाई: पिवळा कसा करता?

तळटीप: प्रत्येक चिन्ह वेगळ्या स्पॅनमध्ये (ओळीतला एचटीएमएल टॅग), इनलाइन-ब्लॉक. हेही सांगायला हवं होतं का?

निळी_शाई: हो! इनलाइन-ब्लॉक म्हणजे प्रत्येकाला वेगळी खोली. वेलांटीला व्यंजन भेटतच नाही, म्हणून ती ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते. अख्ख्या शब्दाला एकच साधा स्पॅन द्या. वेबव्ह्यू नवं असेल तर सीएसएसची कस्टम हायलाइट सोय बघा, तिला स्पॅनच लागत नाही. जडपणाचं कारण बहुधा वेगळं: एक ओळ लिहायची, लगेच मोजायची, परत लिहायची, असं चाललं असणार. दर मोजणीला इंजिन सगळी मांडणी नव्याने करतं. आधी सगळं लिहून घ्या, शेवटी एकदाच मोजा. ६० हर्ट्झवर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंदच मिळतात.

जुनाटपेटी: आणि मोठी फाईल उघडलीत की बसेल सगळं. क्रोमियममध्ये एका घटकाची उंची साधारण ३.३५ कोटी पिक्सेलवर थांबते. २० पिक्सेलची ओळ धरली तर पावणेसतरा लाख ओळींना स्क्रोल संपला. विमला असलं काही नाही.

निळी_शाई: सगळ्या ओळी डॉममध्ये टाकतं कोण? दिसतात तेवढ्याच टाकायच्या. पण उंचीचा मुद्दा खरा आहे, मान्य.

अर्धविराम: बाणाची कळ कशी चालते ते कोणी विचारलंच नाही. 'स्त्री' ओलांडायला सहा वेळा दाबावी लागत असणार. ग्राफीम क्लस्टरने, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या एकेका अक्षराने, चाला. आणि लायब्ररीतले युनिकोडचे तक्ते जुने नसावेत: युनिकोड १५.१ पासून, म्हणजे २०२३ पासून, देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम आलाय, त्याआधी हलंतानंतर तोडायचे. मात्र बॅकस्पेसने अख्खं जोडाक्षर उडवू नका. चुकून ऱ्हस्व वेलांटी दिली तर तेवढीच पुसली जायला हवी.

बायनरीबुवा: दिसतं एक, पुसतं अर्धं? वापरणारा गोंधळेल.

अर्धविराम: मराठी टाइप करणारा अजिबात गोंधळत नाही, उलट तेच अपेक्षित असतं. आता 'दर्या' आणि 'दऱ्या' घ्या. दुसऱ्यातला र काही कीबोर्ड ऱ वापरून देतात, काही र, हलंत आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). दिसायला सारखे, शोधात एकमेकांना सापडत नाहीत. यावर मी मागे एक...

निळी_शाई: त्याचा वेगळा धागा काढा हो.

तळटीप: एकच स्पॅन केला, वर्तुळं गेली. मोजणी शेवटी नेली, टायपिंग हलकं. बाणही नीट चालतो. बॅकस्पेस अर्धविराम म्हणतात तसा ठेवला. मग रिकामाटेकडा यांचं ऐकून फाँट मोठा केला, तर कर्सर ओळीच्या वर लटकतोय.

रिकामाटेकडा: म्हणजे काहीतरी झालं ना!

निळी_शाई: ओळीची उंचीही 'म' वरून सुरुवातीला एकदाच मोजली असेल.

तळटीप: हो.