लाइपझिगचं भाडं आणि रिकामी स्वयंपाकघरं

जर्मनीत म्युनिकच्या तुलनेत लाइपझिगमध्ये घरभाडं खूप कमी, असं म्हणतात आणि ते बरोबर आहे. पण जाहिरातीतला ठळक आकडा बहुतेक वेळा 'काल्टमीटं'चा, म्हणजे नुसत्या जागेचा असतो. हीटिंग, पाणी, कचरा वेगळा आणि वीज बहुधा स्वतःच्या नावावर. लाइपझिगच्या प्लागविट्झ, लिंडेनाऊ या भागांकडच्या जुन्या गिरणी-वस्तीतली उंच छतांची घरं फोटोत झकास दिसतात. तिथे आधी एनर्जी सर्टिफिकेट, म्हणजे घराला किती ऊर्जा लागते त्याचा दाखला, मागा. हीटिंगचा मासिक हप्ता मुद्दाम कमी दाखवला असेल, तर फरकाचं बिल हिशेबाच्या वर्षानंतर बारा महिन्यांपर्यंत येऊ शकतं.

सहसा कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे स्वयंपाकघर. बऱ्याच घरांत ते रिकामं मिळतं: ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून नळाची तोंडं तेवढी बाहेर आलेली. जाहिरातीत 'आइनबाउक्युखं', म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर, असं लिहिलंय का बघा. नसेल तर जुन्या भाडेकरूकडून सामान विकत घेणं सगळ्यात सोपं, मात्र काय काय घेतलं ते लेखी हवं. इलेक्ट्रिक शेगडी साध्या प्लगवर चालत नाही, भिंतीतल्या वेगळ्या जोडणीला इलेक्ट्रिशियनच लागतो. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटंइतकं, आणि ते तीन मासिक हप्त्यांत देता येतं. घरमालक हे आपणहून सांगेलच असं नाही. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाच्या सहीचं प्रमाणपत्र किल्ल्यांबरोबरच मागून घ्या.