जळगावात रोज ऑफिस न रविवारी लांब राइड, सायकल कोणती घेऊ?

पिंप्राळ्याहून एमआयडीसीत जातो, लॅपटॉप न डबा पाठीवर, एप्रिलमध्ये शर्टाची पाठ पोचेपर्यंत पिळून काढावी अशी होते. रविवारी पद्मालय, पुढे अजिंठा मुक्कामी करायचंय. गियरची एमटीबी (जाड टायरची डोंगरी सायकल) घेऊ की हायब्रिड (एमटीबी न रोड सायकलच्या मधली)? बॅग कशी लावू?

— दादा, हायब्रिड घे, पुढे सस्पेन्शन नसलेली. स्वस्त सस्पेन्शन नुसतं वजन वाढवतं. टायर ७०० बाय ३८ (म्हणजे ३८ मिमी रुंद) बसतील एवढी जागा बघ, आणि सगळ्यात आधी मागच्या चाकाच्या आसाजवळ कॅरियरचे स्क्रू बसायची भोकं आहेत का ते बोट लावून बघ, मी न बघता घेतली, मग क्लॅम्प लावून कॅरियर बसवलं, ते खड्ड्यात सरकत सरकत ब्रेकवर आलं.

— पाठीवरची सॅक बंदच कर भाऊ. कॅरियरला दोन्ही बाजूंनी पॅनियर, म्हणजे बाजूला अडकवायच्या बॅगा, लाव, जड सामान तळाला. दुकानातच पेडल मारून बघ, टाच बॅगेला घासत असेल तर बॅग मागे सरकव. रोज एकच लाव, मुक्कामाला दोन्ही. उन्हाळ्यात पहाटे ५ ला निघ, पाणी ३ लिटर तरी.

— हां, भोकांचं डोक्यातच नव्हतं. उद्याच बघतो.