हुकूमशाहीची चाहूल आधी कुठे लागते?

प्रश्न (अमळनेर): जर्मनीत २८ फेब्रुवारी १९३३ च्या एका आदेशाने भाषण, सभा व वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य स्थगित झाले आणि २३ मार्चला संसदेनेच कायदे करण्याचा अधिकार सरकारच्या हाती सोपवला. सारे कायद्याच्याच भाषेत घडत असेल, तर नागरिकाने ते वेळीच कसे ओळखावे?

उत्तर (धुळे): त्या कायद्याविरुद्ध दाद मागता येते का, हे पाहावे. आणीबाणीतील स्थानबद्धांना बंदीप्रत्यक्षीकरणासाठी, म्हणजे आपली अटक कायदेशीर आहे का हे तपासून घेण्यासाठी, न्यायालयात जाता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी दिला. पाचांपैकी एकट्या न्यायमूर्ती खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले आणि पुढे त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यांना देण्यात आले.

उत्तर (फैजपूर): खूण त्याआधीच गावात दिसते, असे मला वाटते. १९३६ मध्ये ग्रामीण भागातील पहिले काँग्रेस अधिवेशन जिथे भरले, त्याच आमच्या गावात आणीबाणीच्या काळात वडील पारावर बसले असता कोणी अनोळखी आले, की राजकारण सोडून केळीच्या भावाविषयी बोलू लागत. त्यांना कोणीही धमकावले नव्हते, आणि हेच मला अधिक गंभीर वाटते.

प्रश्नकर्ता: पारावरचे बोलणे आमच्याकडेही अलीकडे आखडले आहे, त्याकडे आता अधिक लक्ष देईन.