मदत हवी आहे: रीलवरची दोरी सारखी गुंतते

चाळीसेक वर्षं गळ टाकतोय, पण हल्ली मासे कमी आणि गुंते जास्त पकडतो. मुलाने हौसेने नवीन स्पिनिंग रील आणि विणलेली ब्रेड दोरी आणून दिली. दर चार-पाच फेकींनंतर पक्ष्याच्या घरट्यासारखा गोळा बाहेर येतो. तो सोडवताना निम्मी सकाळ जाते आणि तोंडातून नको ते शब्द जातात.

स्पूल (रीलचा दोरी गुंडाळायचा भाग) काठोकाठ भरलं होतं, म्हणून काठापासून २-३ मिलिमीटर मोकळं ठेवलं. बेल, म्हणजे दोरी स्पूलवर वळवणारी तारेची कडी, तीही हँडल फिरवून न लावता हाताने लावतो. थोडा फरक पडला, पण वारा सुटला की पुन्हा तेच. खाली नायलॉनचे वेढे न देता ब्रेड थेट स्पूलवर गुंडाळली आहे, ती घसरत असेल का? की हलक्या गळामुळे दोरी सैल गुंडाळली जाते?

दुसरं, बोटं आखडतात आणि चष्मा लावूनही गळाचं नेढं दिसत नाही. गळ बांधायला पालोमर नावाची गाठ सोपी म्हणतात, पण त्यात दोरी दुहेरी ओवावी लागते, तिथेच घोडं अडतं. गाठीऐवजी गळ अडकवायला स्विव्हल क्लिप (गरगर फिरणारी छोटी कडी) लावली तर मासे बुजतात का?

'जुनी नायलॉन दोरीच बरी' हे उत्तरही चालेल, फक्त मुलाला कळू देऊ नका.